भिंगरीचं प्रोफाइल

नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका अनोळखी माणसाने मला स्वेटर काढून ठेवायला सांगितला. नवा होता, लालभडक, खास त्या दिवसासाठी घेतलेला. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच हा माणूस मागे येऊन उभा राहिला आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाला, "हे लाल घालून इथे बसायचं नाही."

"का? इथे बैल येतात का?" मी विचारलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

तो हसला नाही. माझ्यासमोरच्या मॉनिटरकडे त्याने हात केला. "स्वेटरचा लाल त्यात पडतो. तुला वाटणार, चित्रातच लाल जास्त आहे. तू तो कमी करणार. मग छापून आल्यावर माणसं प्रेतासारखी दिसणार आणि शिव्या मी खाणार. काढ तो."

मी काढला. दिवसभर कुडकुडले आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे आमचे करडे.

करडे हे त्यांचं आडनाव नव्हे. शर्ट करडा, पँट करडी, थंडीतला कोटही करडा. त्यांच्या हट्टापायी आमच्या खोलीच्या भिंती करड्या रंगवल्या होत्या, खिडकीला जाड करडा पडदा होता. आजूबाजूला रंग असला की डोळा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. नाव कुणी पाडलं कुणास ठाऊक, पण ते इतकं घट्ट बसलं, की नव्याने आलेल्या कारकून बाईंनी त्यांच्या ओळखपत्रावर बिनदिक्कत 'करडे' असंच छापून पाठवलं. त्यांनी ते बदलून घेतलं नाही. वर्षभर गळ्यात घालून मिरवलं. त्यांनी कधी विनोद केला असेल तर हा एवढाच.

आमचा छापखाना मोठा. औषधांची खोकी, कापडाचे कॅटलॉग, शाळेची पुस्तकं, काय वाटेल ते छापायचो. छपाईला जाण्याआधी प्रत्येक चित्र आमच्या खोलीतल्या मॉनिटरवर तपासलं जाई. आता मॉनिटर हा मुळात खोटं बोलणारा प्राणी. नवा असताना निळसर, जुना झाला की पिवळट. दोन शेजारी ठेवले तर एकच टोमॅटो एकावर पिकलेला दिसतो आणि दुसऱ्यावर सडलेला. हा खोटेपणा मोजून काढायचा, हे करड्यांचं काम. दर सोमवारी सकाळी ते सगळे मॉनिटर तापू देत, दिवे कमी करत आणि एकेका पडद्यावर एक काळं, वाटोळं यंत्र चिकटवत. त्याला आम्ही गोचीड म्हणायचो. पडद्यावर एकामागून एक रंग येत, गोचीड ते मोजत बसे, आणि शेवटी हा मॉनिटर कुठे आणि किती चुकतो याचं एक टिपण संगणकात तयार होई. त्याचं नाव प्रोफाइल. मग ते प्रोफाइल लावून संगणक पडद्याला वठणीवर आणी. "झालं दुरुस्त," करडे म्हणत आणि पुढच्या मॉनिटरकडे वळत. हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा असायचा. चित्र दुरुस्त, दिवा दुरुस्त, मी डोकेदुखीची रजा संपवून परत आले की "झालीस दुरुस्त?"

माणूस म्हणाल तर नकोसाच. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, पण चूक दिसली की चारचौघांत वाभाडे काढायचे. त्यांच्याबरोबर डबा खायला कुणी बसत नसे. मी बसे, कारण माझं टेबल त्याच खोलीत होतं आणि माझी चामडी जाड. ते काम मात्र शिकवत, हातचं राखून न ठेवता. त्यांचा पहिला नियम, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. पिवळ्या दिव्याखाली थोडा वेळ बसलं, की पिवळाच पांढरा वाटू लागतो. डोळा सगळं चालवून घेतो. आणि दुसरा नियम त्याहून कडक. चित्रातला रंग सुधारताना आधी त्यातली पांढरी किंवा करडी वस्तू शोधायची. भिंत, कागद, उशी, काहीही. ती पांढरी आली, की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

"चेहऱ्यावरून कधी सुधारायचं नाही," ते म्हणत. "चेहरा शेवटी. चेहऱ्यात माणूस गुंततो आणि मग त्याला हवं तेच करतो."

हे मी इतक्यांदा ऐकलं, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

या माणसाला एक मुलगी होती. एकुलती एक. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि पुढे आम्हीही म्हणू लागलो. आता ती नाही. छापखान्यात लोक म्हणतात की करड्यांनीच पोर घालवली, आणि ज्यांना गोचीड कशाशी खातात हे माहीत नाही तेही मान हलवतात. मला त्यांचा राग येतो. पण ते खोटं बोलतात असंही मला म्हणता येत नाही, आणि त्याचा तर जास्तच राग येतो.

भिंगरी दूरच्या शहरात नोकरीला होती. भाड्याच्या खोलीत राहायची आणि कंपनीचं काम खोलीतूनच करायची. तिच्याबरोबर राहणारी मुलगी रात्रपाळीला, दिवसा पलीकडच्या खोलीत झोपलेली, त्यामुळे दोघींची गाठ पडली तर दारात. करडे रोज जेवणाच्या सुट्टीत लेकीशी बोलत, आणि तेही त्यांच्या टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर. मोबाइलवर बोलायला त्यांची साफ ना असे. "तो पडदा एक नंबरचा थापाड्या. सगळ्यांना गोरंगोमटं करून दाखवतो. मला माझी पोर जशी आहे तशी बघायचीय."

मग ती पडद्यावर येई, केस विस्कटलेले, मागे पांढरी भिंत, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "बाबा, आज कोणता करडा? फिकट की गडद?"

"गप गं. जेवलीस का?"

"ताई, बघा ना, हे विषय बदलतात." ताई म्हणजे मी. मीही तोंडात घास घेऊन हात हलवायची. त्या अर्ध्या तासात करडे दुसरेच कुणी असत. खुर्ची पुढे ओढून, हनुवटी मुठीवर ठेवून तिची बडबड ऐकत.

ती तिकडे राहायला गेली तेव्हा सुरुवातीला तिच्या खोलीत पिवळा दिवा होता. पडद्यावर सगळंच पिवळं यायचं. ती, भिंत, उशी. करड्यांना ते सहन होईना. दिवा बदल म्हणून तिला सांगितलं, तिने हो हो म्हणून कानाआड केलं. शेवटी एक दिवस त्यांनी मॉनिटरच्या सेटिंगमध्ये हात घातला. पडद्यावर लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, ते दोन्ही खाली ओढले, मागची भिंत पांढरीशुभ्र झाली, आणि तिच्याबरोबर पोरीचा गव्हाळ रंगही जागेवर आला. नियमाप्रमाणे, भिंत आधी. मग त्यांनी ते सेव्ह केलं आणि नाव दिलं 'भिंगरी'. प्रोफाइलच्या यादीत आर्ट पेपर, साधा कागद, पुठ्ठा अशी नावं होती, त्यांच्या खाली आता भिंगरी. रोज तिचा फोन आला की ते लावायचं, फोन संपला की काढायचं.

"झाली पोर दुरुस्त," ते म्हणाले. मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

पुढे तिने केस कापले, एकदम कानापर्यंत, आणि डोकं इकडेतिकडे वळवून आम्हाला दाखवलं. करडे म्हणाले, "आईला सांगू नकोस, मीच हळूहळू सांगतो." त्याच सुमाराला तिची बडबड कमी झाली. थकवा येतो म्हणाली. अन्नाकडे बघवत नाही म्हणाली. करडे म्हणाले, काम जास्त घेतेस, बाहेरचं खातेस. सगळेच बाप म्हणतात तेच. आणि मग एका दुपारी ती पडद्यावर आली ती पिवळट.

मी सहज म्हणून गेले, "जरा पिवळी दिसतेय हो."

"दिवा," करडे म्हणाले. "तो जुना दिवा आता आणखी उतरला असणार." आणि त्यांनी पुन्हा सेटिंग उघडलं. लाल थोडा खाली, हिरवा थोडा खाली. या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते. तिच्या गालाकडे बघत होते. गाल पूर्वीसारखा दिसू लागला तेव्हा थांबले, सेव्ह केलं. गोचीड खणात होतं. पण गोचीड पडदा मोजतं, पडद्यापलीकडचा माणूस मोजत नाही. आणि या माणसाने, ज्याने मला एकदा एका केळ्याच्या चित्रावरून अख्ख्या खोलीसमोर झापलं होतं, त्याने आपल्या पोरीचा रंग नुसत्या डोळ्याने आणि तोही चेहऱ्यावरून लावला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि त्यानंतर पुन्हा. यात एक गंमत असते, म्हणजे गंमत नव्हे, पण आमच्या कामात असंच म्हणतात. पिवळा काढायचा तर लाल आणि हिरवा कमी करावा लागतो, आणि ते कमी केले की पडदा मंदावतो. भिंगरीचा फोन आला की खोलीतला उजेडच कमी झाल्यासारखा वाटू लागला. आणि तिच्या मागची भिंत निळी दिसू लागली.

"करडे, भिंत निळी दिसतेय," मी म्हणाले.

"घरमालकाने रंगवली असेल. भिंतीचं काय घेऊन बसलीस?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं! तरी मी पुढे रेटलं नाही. एक तर ते ओरडतील म्हणून, आणि दुसरं म्हणजे समोर पडद्यावर पोर अगदी छान दिसत होती. गव्हाळ, हसरी, फक्त डोळ्यांखाली काळं आलेलं. डोळा सगळं चालवून घेतो.

काकू, म्हणजे करड्यांची बायको, मुलीशी साध्या फोनवर बोलायच्या. त्यांना फक्त आवाज. आणि त्या रोज रात्री नवऱ्याच्या मागे लागलेल्या, की पोरीचा आवाज खोल गेलाय, काहीतरी बिनसलंय, जाऊन येऊ या. हे मला नंतर काकूंनीच सांगितलं. करडे त्यांना म्हणायचे, "तू नुसतं ऐकतेस. मी रोज बघतोय तिला. रंग कसा टवटवीत आहे तिचा." आणि त्यांचा शब्द घरात शेवटचा, कारण बघण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. काकूंनी बांधलेली बॅग पुन्हा सोडली.

मग एका सकाळी रात्रपाळीच्या मुलीचा फोन आला. रविवारची सुट्टी म्हणून ती दिवसा जागी होती. उजेडात पहिल्यांदाच तिने भिंगरीला नीट पाहिलं आणि किंचाळलीच. हळदीसारखे डोळे. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तर ही अर्धवट शुद्धीत, कुठे आहे हेही तिला सांगता येईना.

त्यांच्याबरोबर मी गेले. एकट्याने जाण्याच्या स्थितीत ते दोघेही नव्हते, आणि मला चांगली गाडी चालवता येते. वाटेत काकूंनी ती बॅग मांडीवर धरून ठेवली होती. करडे सारखे बोलत होते. दिवा आहे, म्हणत होते. खोलीत जाऊन आधी तो दिवा बघायला हवा.

दवाखान्यात वरून पांढराशुभ्र, सपाट प्रकाश होता. आमच्या खोलीत असतो तसाच, अस्सल. त्याखाली पांढऱ्या चादरीवर ती पडली होती आणि तिचा रंग कसा होता हे मी सांगणार नाही. करडे पलंगाच्या पायथ्याशी थांबले ते पुढे जाईनात. ते तिच्याकडे बघत, मग चादरीकडे बघत, पुन्हा तिच्याकडे. ते काय करताहेत हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. ते आधी पांढरं शोधत होते.

डॉक्टरीण तरुण होती, दमलेली होती. यकृताची कावीळ पार विकोपाला गेलीय, म्हणाली. यकृत निकामी होत आलंय. मग तिने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "इतके दिवस अंगावर काढलं? रोज बघणाऱ्या कुणाला हे दिसलं नाही?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मला दिसलं होतं," करडे म्हणाले. "मी दुरुस्त केलं."

डॉक्टरणीला वाटलं, माणूस धक्क्याने काहीतरी बरळतोय. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी मागवलं. काकूंना मात्र कळलं. बारीकसारीक नसेल कळलं, पण जेवढं कळायला हवं तेवढं कळलं. त्या उठल्या आणि लेकीच्या उशाशी जाऊन बसल्या, नवऱ्याकडे पाठ करून. भिंगरी शुद्धीवर आली नाही. तिथल्या तिथेच गेली, आईचा हात तिच्या कापलेल्या केसांवर असताना.

आधी आणली असती तर वाचली असती का? डॉक्टरीण म्हणाली, सांगता येत नाही. छापखान्यातले लोक म्हणतात, शंभर टक्के. मला विचाराल तर मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं करड्यांना आयुष्यभर पुरणार आहे.

मग ते कामावर परत आले. त्यांनी कोट काढला, मॉनिटर सुरू केला आणि मला म्हणाले, "तिचा फोटो करायचाय. घरी लावायला." फोनवर बोलताना ते अधूनमधून पडदा तसाच टिपून ठेवत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यातला एक त्यांनी उघडला. शेवटच्या दिवसांतला. कानापर्यंत केस, मान तिरकी, ओठ नुकतेच हसायला लागलेले, म्हणजे आता विचारणार, फिकट की गडद.

सुरेख दिसत होती. गव्हाळ, तजेलदार. माझा जीव थोडा खाली पडला. म्हटलं, निदान फोटो तरी चांगला आहे. आणि तेवढ्यात माझी नजर तिच्या मागे गेली. भिंत निळी होती. पडदा मंद होता. मी कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे 'भिंगरी' लावलेलं होतं. प्रोफाइल फक्त पडद्यापुरतं असतं, टिपलेल्या चित्रात ते उतरत नाही.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माऊस धरला, यादी उघडली, आणि नेहमीचं प्रोफाइल लावलं. पडदा एकदम उजळला. भिंत पांढरी झाली, स्वच्छ, कागदासारखी; दिवा तिने केव्हाच बदलला होता. आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत पोर पिवळी पडली. चेहरा, मान, डोळ्यांतलं पांढरं, सगळं. इतके दिवस ती अशी समोर बसून आमच्याशी बोलत होती.

सवयीने माझा हात कीबोर्डकडे गेला. ते म्हणाले, "हात लावू नकोस. भिंत बघ. पांढरी आहे ना? मग चित्र बरोबर आहे. असंच छाप."

मी छापलं. त्यांनी कागद दिव्याखाली धरून पडद्याशी ताडून पाहिला, दोनदा, आणि घरी नेला. 'झालं दुरुस्त' म्हणाले नाहीत. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

मधे त्यांच्या घरी गेले होते. फोटो बाहेरच्या खोलीत आहे, दारासमोर. माझ्यासमोरच शेजारच्या बाई आल्या आणि भाबडेपणाने म्हणाल्या, "फोटो पिवळा पडलाय हो, नवा करून घ्या." करडे म्हणाले, "नाही, फोटो बरोबर आहे." काकू उठून आत गेल्या.

निघताना काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दार मागे लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तुला येतं ना गं हे सगळं? मला एक चांगला करून दे तिचा. केस कापल्यावरचा हा एकच आहे. मी तिला त्या केसांत धड पाहिलीसुद्धा नाही. कपाटात ठेवीन, यांना दिसू देणार नाही."

"देते," मी म्हणाले. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले.

अजून दिलेला नाही. फाइल माझ्याकडे आहे. कामात उसंत मिळाली की उघडते आणि शिकवलंय तसं आधी तिच्या मागची भिंत बघते. भिंत पांढरीच आहे. त्या चित्रात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.